घड्याळवाल्या काकांची फटफटी

माणसानं घाई केली नसती तर जगात एकही अन्याय झाला नसता, असं ठाम मत असलेला आणि त्या मताच्या जोरावर माझी उमेदीची दोन वर्षं खाऊन बसलेला एकच माणूस मला माहीत आहे. ते म्हणजे आमचे घड्याळवाले काका. मी वेठबिगारीविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस. माझ्या पत्रकात 'ताबडतोब' हा शब्द दर तिसऱ्या ओळीला येतो, आणि यायलाच हवा. काकांनी एकदा माझं एक पत्रक डोळ्याला भिंग लावून पहिल्या अक्षरापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं. परत देताना म्हणाले, "चांगलं लिव्हलंय. पण हे ताबडतोब म्हंजे किती वाजता?"

जालन्याच्या बाजारात मारवाडी कापडवाल्यांच्या ओळीत, दोन दुकानांच्या मधे उरलेल्या फटीत त्यांचं दुकान होतं. फटच म्हणायची ती. काका आत बसले की गिऱ्हाइकाला रस्त्यावरच उभं राहावं लागे. बंद पडलेलं घड्याळ हातात आलं की ते लगेच उघडत नसत. आधी कानाला लावत, मग मालकाची चौकशी करत. झोपताना कुठं काढून ठेवता, किल्ली उभ्यानं देता का बसून, घरात रागीट माणूस कोण. एका बड्या अंमलदाराचं घड्याळ त्यांनी तीनदा दुरुस्त केलं आणि चौथ्यांदा तसंच परत पाठवलं. चपराशाला सांगितलं, "सायबाला म्हणावं, घड्याळ बराबर हाय. किल्ली देताना शिव्या देऊ नका." हा निरोप चपराशानं पोचवला नाही हे उघड आहे. पण मला काकांबद्दल पहिला आदर वाटला तो तेव्हा.

ओळख मात्र त्याआधीची. गावातल्या एका कापसाच्या जिनिंगचा संध्याकाळचा भोंगा उशिरा वाजतो आणि मजुरांकडून फुकट काम घेतलं जातं, असं मी पत्रकात लिहिलं होतं. पुरावा माझ्याकडे नव्हता, संताप होता. दुसऱ्या दिवशी काका स्वतः माझ्या खोलीवर आले. हातात वहीचं पान. त्यावर महिनाभरातल्या प्रत्येक दिवसाची भोंग्याची वेळ, सेकंदासकट. मी त्यांना मिठी मारायचाच बाकी होतो. म्हटलं, "काका, तुम्ही मजुरांच्या बाजूचे आहात हे मला ठाऊकच नव्हतं!" ते संकोचले. "मजुराचं मला काई माहीत न्हाई बाबा. भोंगा खोटं बोलून राह्यला, एवढंच म्हणतो मी." आमच्या चळवळीला इतका भरभक्कम पुरावा पुढं कुणीही दिला नाही.

आता फटफटीकडे वळतो. निजामी राजवट जाऊन तीनचार वर्षं झाली होती. वरचे झेंडे बदलले होते, पण खेड्यांत वेठ तशीच चालू होती. अंमलदाराचा मुक्काम पडला की याच्या घरचं लाकूड आण, त्याच्या डोक्यावर सामान दे, कुणाच्या बाईला दळायला बसव. आणि हे सगळं फुकट, वर दमदाटी. आम्ही सायकलींवर पत्रकं घेऊन हिंडायचो. बाभळीच्या काट्यांनी सायकली पंक्चर व्हायच्या, आणि आम्ही गावात पोचेपर्यंत ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो अंमलदार पुढच्या मुक्कामाला गेलेला असायचा. माझा मित्र झुंबरलाल एकदा औरंगाबादेहून लष्करी भंगाराच्या लिलावातून तीन पोती घेऊन आला आणि वडिलांच्या सरकीच्या गोदामात ओतून म्हणाला, "ह्यात फटफटी हाय." आमच्यातला तिसरा युसूफ. त्याचं सायकलचं दुकान. त्यानं ढिगाभोवती एक फेरी मारली. "दीड फटफटी हाय. पण एक बी पुरी न्हाई."

त्यातला एक बारीक भाग युसूफला कळेना म्हणून त्यानं काकांना बोलावून आणलं. काकांनी तो ढीग पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी वेठीला धरलेल्या माणसांच्या तोंडावरच पाहिलं होतं. म्हणाले, "असं उपडं टाकत असतेत का रे कुणाला?" आम्हाला गोदामाबाहेर काढलं, घरून स्वतःची तीन धुतलेली धोतरं आणली, जमिनीवर अंथरली, आणि पुढचे बारा दिवस एकेक तुकडा रॉकेलनं धुऊन ओळीनं मांडत बसले. प्रत्येकाला शाईनं आकडा. मी तेराव्या दिवशी विचारलं, "काका, जोडायला कधी सुरुवात?" ते म्हणाले, "जोडायचं काय त्यात? ओळख झाली की जुडतंय. मोठं घड्याळच हाय हे. जरा मळलेलं."

त्यांनी एकच अट घातली. गाडीला बाजूला तिसरं चाक आणि त्यावर खुर्ची पाहिजे. कारण त्यांनी लपवलं नाही. काकी पाच वर्षांपूर्वी आडावर घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड वाकडं जुळलं होतं. त्यांचं माहेर भोकरदनच्या पलीकडं, पिंपळगाव रेणुकाईला. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती, बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते. तिकडं त्यांची आई मोतीबिंदूनं आंधळी होऊन ओसरीवर पडून होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याजवळ एकच निरोप देत होती, लेकीला एकदा हाताला लागू द्या. काकांना सासूबाई असेपर्यंत काकींना तिथं न्यायचं होतं. काकींना स्वतःला या बेताबद्दल फारशी आशा नव्हती. आम्ही चहाला गेलो की त्या आतून म्हणायच्या, "ह्यांच्या हातून गाडी होईस्तोवर मी अन् माझी आई वरच भेटू. तुम्ही आपला चहा घ्या."

आम्हाला खुर्ची चालणार होती. पत्रकांचे गठ्ठे ठेवायला जागा झाली असती.

काम किती हळू चालायचं ते सांगतो. झुंबरच्या वडिलांनी सरकीच्या गोदामात दिवा लावायला बंदी केली होती, शिवाय त्यांच्या घरी सूर्य बुडण्याआधी जेवणं उरकत, त्यामुळे दिवस कलला की झुंबर कुलूप हलवत उभा राहायचा. दिवसभर तर आम्हाला आपापली कामं. त्यातून काकांची पद्धत. एक नट बसवायचा तर ते तो आधी तीनदा हातानं फिरवून कानानं ऐकत. युसूफ हातोडा उचलायला लागला की ते डोळे मिटून घेत. "भाई, जरासं ठोकलं की बसतंय," तो म्हणायचा. "बसतंय. पण नाखुशीनं बसतंय," काका म्हणायचे. दीड वर्षात त्या गाडीत एकही वस्तू नाखुशीनं बसली नाही. पुढचा मडगार्ड तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा होता, त्यावर अर्धी गाय दिसे. दिवा टांग्याचा. बैठक दोन सायकलींची जोडून केलेली, त्यामुळे बसणाऱ्याला कुठल्या तरी एका बाजूची निवड करावी लागे. आणि खुर्ची म्हणजे काकांच्या घरातली हातांची आरामखुर्ची, चार स्प्रिंगांवर आणि चामडी पट्ट्यांवर टांगलेली.

त्या खुर्चीत काका पितळी पेला ठेवत, काठोकाठ पाण्यानं भरलेला, आणि आम्हाला गाडी गोदामभर ढकलायला लावत. वाटेत मुद्दाम विटा मांडलेल्या असत. पाणी सांडलं की स्प्रिंगा काढायच्या, पट्ट्या बदलायच्या, पुन्हा पेला. हे अडीच महिने चाललं. मी एकदा वैतागून म्हणालो, "काका, गावोगाव माणसं पिळली जातायत आणि आपण पेल्यातलं पाणी सांभाळतोय!" काका पेल्यापाशी वाकून बघत होते. म्हणाले, "थेंबभर सांडलं बघ. तिला लागंल."

शेवटी एका सकाळी इंजिन बोललं. पहिल्यांदा खोकलं, मग गोदामातली कबुतरं उडाली, आणि झुंबरचे वडील गादीवरून उठून अनवाणी धावत आले. काका तेवढे जागचे हलले नाहीत. कान पुढं करून ऐकत राहिले. म्हणाले, "आवाज खरा हाय."

आणि मग आम्ही सभा घेतली. आमच्यात प्रत्येक गोष्ट सभेत, हात वर करून ठरायची. तसा आमचा नियमच होता. पहिली फेरी कुठं? येत्या आठवडी बाजाराला अंबडला जायचं, चारपाच डझन खेड्यांची माणसं एका जागी भेटतात, असं मी मांडलं. युसूफ म्हणाला, पिंपळगाव. झुंबर गोंधळला. मी उभं राहून भाषण केलं. सार्वजनिक काम आणि खाजगी काम यांतला फरक समजावून सांगितला. मग हात मोजायची वेळ आली. माझा वर, झुंबरचा अर्धा वर. काकांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि आपला हात अंबडच्या बाजूनं वर केला. "बाजार हप्त्यातून एकदाच असतो," ते म्हणाले. "सासूबाई काय, रोजच हायेत."

बाहेर पडल्यावर युसूफनं मला बाजूला ओढलं. "दीड साल त्या माणसाकडून काम घेतलं. त्याला काय पायजे ते ठाऊक होतं. अन् आता हात वर करा म्हणून राह्यले? ही बेगार न्हाई तर काय हाय, भाई?"

मी म्हणालो, "त्यांनी स्वतः हात वर केला."

"बेगारवाला बी सोता डोकं पुढं करतो. तूच लिव्हलं होतं."

मी त्याला भावनेच्या आहारी जाऊ नकोस असं काहीतरी सांगितलं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

अंबडला निघालो तेव्हा युसूफ गाडी चालवत होता, झुंबर मागं, आणि गठ्ठे मांडीवर घेऊन खुर्चीत मी. काका सायकलनं मागून येणार होते. निघण्याआधी त्यांनी तेल दिलं. तेलाचं खातं पहिल्यापासून त्यांच्याकडे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बारीक सुई बाटलीत बुडवायची, टोकावर जेवढं लटकेल तेवढं एकेका जागी टेकवायचं आणि जादाचं कापडानं टिपून घ्यायचं. "जास्ती तेल म्हंजे धूळ. धूळ म्हंजे मरण," असं ते म्हणत, आणि घड्याळाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. खुर्चीतला तो आराम अनुभवून मी थक्क होतो. रस्त्यावरचे खड्डे खाली कुणा दुसऱ्यालाच लागत होते. दोनतृतीयांश वाट सरली आणि इंजिनातून किंकाळी आली. चाक जागीच धरलं. धूर. मग काहीच नाही.

काका तासाभरानं सायकलवर आले. इंजिनाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. युसूफनं विचारलं, "काका, तेल किती घातल्तं?"

"चार थेंब. चांगलं, विलायती."

तिथून अंबडपर्यंत आम्ही गाडी ढकलली. पोचलो तेव्हा बाजार उठत आला होता. पण खरं सांगायचं तर आमची एवढी मोठी सभा आधी कधी झाली नाही, नंतरही नाही. अर्धी गाय, टांग्याचा दिवा आणि आरामखुर्ची असलेली मेलेली फटफटी पाहायला सगळा बाजार लोटला. गठ्ठे संपले. गर्दीतून पलटणीतून सुटून आलेला एक ड्रायव्हर पुढं झाला. त्यानं गाडीवरून हात फिरवला आणि चौकटीवरच्या एका छोट्या टाकीचं झाकण उघडलं. ही टाकी कशाची ते आम्हाला कधी कळलं नव्हतं, म्हणून काकांनी तिचा सदुपयोग केला होता. ड्रायव्हरनं आत दोन बोटं घातली आणि एक चिमटा बाहेर काढला. मग दुसरा. मग एक भिंग, आणि सुपारीची पुडी.

"हिच्यात तेल भरायचं असतंय बाबा," तो म्हणाला. "शेरानं."

अख्खा बाजार हसला. मला संताप आला, हसणाऱ्यांचा आला, गाडीचा आला आणि काकांचाही आला. काका पुढं झाले, ड्रायव्हरच्या हातातून चिमटे घेतले, उपरण्याला पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी हाय. ह्या पोरांची न्हाई." इतक्या लोकांसमोर इतकं सरळ बोलताना मी कुठलाही पुढारी अजून पाहिलेला नाही.

नंतर आम्ही दोघं एका कट्ट्यावर बसलो होतो. त्यांनीच सुरुवात केली. "बरं झालं, तुमची बारी पहिली होती. ती बसली असती अन् रानातच असं झालं असतं, तर उचलून कुठं नेलं असतं तिला म्या?" मला वाटलं, त्यांनी मला मोकळं केलं. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आलं की ते स्वतःला धीर देत होते. वेठ म्हणजे काय यावर मी तोवर चार पत्रकं लिहिली होती. माणसाकडून काम करून घ्यायचं आणि त्याला काय हवंय ते विचारायचं नाही, ही व्याख्या माझीच. विचारलं नव्हतं असंही नाही. विचारलं होतं, ऐकलं होतं, आणि मग मोजणीला टाकलं होतं.

इंजिन पुन्हा उघडलं. चिकटलेला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, काकांनी हातानं घासून गुळगुळीत करायला घेतला. त्याला पाच महिने लागले. मधेच पिंपळगावाहून एक गडी आला, म्हातारीनं अन्न कमी केलंय म्हणून. त्या दिवशी काकी चहा करताना काही बोलल्या नाहीत. त्यांचं टोमणे मारणं बंद झालं हे ऐकवत नव्हतं. मी काकांना म्हणालो, "जरा उरकतं घ्या ना. माझ्या कामासाठी नाही म्हणत." काकांनी पहिल्यांदाच माझं ऐकलं. दुकान बंद ठेवून दिवसभर गोदामात बसायला लागले, आणि घाईचा त्यांना सराव नसल्यामुळे दोन बोटं सोलून घेतली.

पौषाच्या थंडीत आम्ही निघालो. या वेळी सभा घेतली नाही. काका चालवत होते, मी मागं तेलाचा डबा धरून, आणि खुर्चीत गोधडी पांघरून, डोक्यावरचा पदर दातांत धरून काकी. काकांनी गाडी इतक्या बेतानं चालवली की भोकरदनच्या अलीकडं एका बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. काकींनी पदर सोडला. "अहो, हाणा की जरा! बैलं पुढं गेली!" काका पुढंच बघत म्हणाले, "त्यांना घाई आसंल." दर दोन मैलांवर थांबून ते विचारत, "दुखतंय का?" त्या म्हणत, "न्हाई." मग पुढं. पिंपळगावच्या शिवारात देवळाचा कळस दिसल्यावर मात्र त्याच म्हणाल्या, "थांबवा." उतरल्या नाहीत. हात जोडून बसल्या नुसत्या. काकांनी इंजिन बंद केलं.

म्हातारी ओसरीवर बाजेवर होती. आम्ही काकींना दोन्ही बाजूंनी धरून तिथवर नेलं. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कपाळ, नाक, गळ्यातले मणी. बऱ्याच वेळानं म्हातारीनं विचारलं, "कशात आलीस गं?"

"ह्यांनी फटफटी केली."

"केली? इकत न्हाई घेतली?"

"न्हाई. केली."

"किती दिस लागले?"

"दोन वर्सं."

म्हातारीनं थोडा विचार केला. "मंग लंगडत आली असतीस तरी आंदीच पोचली असतीस की गं."

मी काकांकडे बघायचं टाळलं. आणि एकाएकी काका हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता ते खांबाला टेकले. म्हातारीनं आवाजाकडं मान वळवली. "जावईबापू आलेत व्हय? अगं, मंग मला आंदी सांगायचं न्हाई का? पाणी दे त्यांला."

आम्हाला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. काकी म्हणाल्या, "महिनाभर तरी ऱ्हाते मी." काका म्हणाले, "ऱ्हा की." यापेक्षा जास्त निरोप त्यांनी घेतला नाही. काकी ओसरीवरूनच बघत होत्या. परत येताना खुर्ची रिकामी होती, तरी मी तीत बसलो नाही; मागंच बसलो. वजन नसल्यामुळे ती फार उडत होती. पाचसहा मैल आल्यावर काकांनी एका लिंबाखाली गाडी उभी केली. मला वाटलं, इंजिन ऐकायला. ते रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"मीठ कुठं ठेवती ती," ते म्हणाले, "इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

"वळवायची का गाडी?"

"नको. बसली आसंल आईपाशी."

"मग घरी गेल्यावर डबे उघडून बघा."

"तिच्या माघारी? न्हाई बाबा."

काकी महिना म्हणून राहिल्या त्या आईचं तेरावं करूनच परतल्या. मधे अडीच महिने गेले. त्या दिवसांत काकांनी मला पाचसहा वेळा आग्रहानं जेवायला बसवून घेतलं. भाकरी ते फार सुरेख थापत. पिठलं मात्र दर वेळी अळणी असे, आणि समोर बसून ते विचारत, "बरं झालंय ना?" मागण्या मांडणं हा माझा रोजचा उद्योग. त्या घरात मात्र मी "झकास" म्हणायचो आणि मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो.